वर्गणी काढायची की फंड रेज करायचा?

गेल्या महिन्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींच्या नातवाचं ऑपरेशन ठरलं, तर एकाने ग्रुपवर टाकलं, ‘आपण फंडरेझिंग करूया’, आणि खाली नुसते अंगठे आले, पैसे एकाचेही नाहीत. दोन दिवसांनी तळमजल्यावरच्या काकू वही घेऊन दारात, ‘वर्गणी काढतोय गं, पाचशे लिहू ना?’ संध्याकाळपर्यंत अठ्ठावीसपैकी पंचवीस घरांचे आले!

तेव्हापासून ‘वर्गणी’ हा शब्द डोक्यातून जात नाहीये. बघा ना, देणगी ‘देतात’, निधी ‘उभारतात’, कंपनी आयपीओ आणून, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकून, भांडवल ‘उभं करते’, वर्गणी मात्र ‘काढतात’, म्हणजे सगळ्यांकडून थोडं थोडं. देणगीत देणारा एकीकडे आणि घेणारा दुसरीकडे असतो, वर्गणीत तसं नाही, दिली की ते काम आपलंही झालं, म्हणून तर पन्नास रुपये देणाराही ‘आमचा गणपती’ म्हणतो आणि हिशोब विचारतो. मासिकाचे पैसे भरणाराही वर्गणीदारच. कॉलेजच्या पोरांची ‘काँट्री’ तीच, फक्त ती चहा-वडापावपुरती.

पुण्याच्या आसपास तर याची केवढी मोठी उदाहरणं आहेत. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, माणशी एक पैसा, तेव्हा रुपयाचे 64 पैसे होते म्हणजे एक रुपया जमायला चौसष्ट माणसं लागायची, आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. टिळकांचाही त्याला पाठिंबा होता. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या स्त्री-शिक्षण संस्थेने तर ‘भाऊबीज’च मागितली, मला हे फार आवडतं, कारण त्या एका शब्दाने देणारा दाता न राहता भाऊ झाला, आणि बहिणीच्या ताटात ओवाळणी घालताना कोण हात आखडता घेणार?

हाच शब्द बिघडतो तेव्हा मात्र फार वाईट वाटतं. चार पोरं दुकानात येतात, आकडा आधीच लिहिलेली पावती फाडून गल्ल्यावर ठेवतात, त्याला वर्गणी म्हणू नका, त्याला खंडणी हा जुना आणि चोख शब्द आहे. वर्गणीत ‘यंदा जमणार नाही हो’ म्हणता आलंच पाहिजे. आमच्याकडच्या तीन घरांनी तसं सांगितलं, काकूंनी त्यांना काही विचारलं नाही, नावंही ग्रुपवर टाकली नाहीत.

परवा जिन्यात वही बघितली. जमा 12,500, मग औषधांची बिलं एकेक करून टाचलेली, आणि शेवटी काकूंच्या तिरक्या अक्षरात, ‘शिल्लक 340, मावशींना रिक्षाला दिले.’