विकी, विकी!

दुपारची जेवणं आटोपली की आमच्या सोसायटीत एक हाक ठरलेली. "विकीऽ! अरे विकीऽ! लवकर वर ये!" तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून ओरडतात आणि ते कार्टं खाली सायकलची चेन बसवत राहतं. परवा डोळ्यांवर झापड येता येता एकदम वाटलं, काकूंना 'लवकर' म्हणायची गरजच काय? हवाई बेटांवरच्या भाषेत 'विकी' म्हणजेच लवकर. दोनदा म्हटलं, 'विकीविकी', की झालं आपलं भरभर, पटपट.

होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांना इकडून तिकडे नेणाऱ्या बसचं नावच 'विकी विकी'. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या प्रोग्रामरला तिथल्या एका कर्मचाऱ्याने या बसने जा म्हणून सांगितलं आणि शब्द त्याच्या डोक्यात बसला. पुढे १९९५ साली, कोणीही यावं आणि मजकूर दुरुस्त करून जावं अशी वेबसाइट त्याने काढली, तेव्हा 'क्विक वेब' हे नाव टाळून त्याने ती 'विकीविकीवेब' केली. २००१ मध्ये विकिपीडिया आला आणि बसचं नाव घरोघर पोचलं. बस मात्र कोणाला माहीत नाही.

गंमत पुढेच आहे. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतही 'विकी' आहे आणि तिथे त्याचा अर्थ आठवडा! इंग्रजी 'वीक'च तो. शब्दाच्या शेवटी स्वर असल्याशिवाय स्वाहिलीला चैन पडत नाही. केकचा 'केकी' होतो, बँकेची 'बेंकी', तसा वीकचा विकी. म्हणजे काकू हाक मारतात हवाईत आणि पोरगं ऐकतं स्वाहिलीत. येईल आठवड्याभरात.

आठवड्याला स्वाहिलीत जुना शब्द 'जुमा', अरबीतून आलेला, मूळचा शुक्रवार. एका वाराने सगळा आठवडा गिळला. हसू नका, आपणही सात दिवसांना आठवडा म्हणतो. "आठ दिवसांनी या," असं आमचा शिंपी म्हणायचा तेव्हा तो कोणत्या भाषेत मोजायचा कोण जाणे.

घाईला स्वाहिलीत 'हराका', सावकाशीला 'पोलेपोले'. एकदा सांगून कोणी ऐकत नाही हे जगातल्या सगळ्या आयांना ठाऊक असावं, म्हणून हे शब्द दोनदोनदा. तिथली एक म्हण आहे, 'हराका हराका हाइना बाराका'. घाईघाईत बरकत नाही. बाराका ही आपली बरकत, हे लगेच कळलं. हराका म्हणजे आपली हरकत, हे कळायला मात्र वेळ लागला. अरबीत त्याचा अर्थ हालचाल. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्या हालचालीची घाई झाली. मराठीत फारसीच्या वाटेने आली ती आडकाठी होऊन. एकच शब्द, तिकडे धावतो, इकडे पाय आडवा घालतो.

गाण्यात तेवढी ती अजून हलते. माझी आत्या पेटीवर बसून शिकायची. मी सहा-सात वर्षांचा, दारात खारे शेंगदाणे खात बसलेलो. गुरुजी म्हणाले, "इथे एक छोटीशी हरकत घे." मी गंभीरपणे सांगून टाकलं, "आमची काही हरकत नाही." गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला, आत्या पाणी आणायला धावली. परत येऊन तिने ती हरकत घेतली. सुरावरून सूर असा सुळकन निसटला, की मी शेंगदाणा तोंडात तसाच धरून राहिलो.

पुढे आत्याचं लग्न झालं. पेटी आमच्याकडेच राहिली, माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली. गाण्याला तिकडच्यांची हरकत होती.