तुम्ही विचारलंत म्हणून: निकेल चढवलेल्या त्या नळ्यांबद्दल

‘मॅडम, त्या प्लास्टिकच्या नळ्यांवर निकेल चढवल्यावर त्यांचा प्रकाश तीसपट वाढला होता ना? मग पेपर मागे का घेतलात?’ पुण्यात कुठल्याही सेमिनारला गेले की चहाच्या वेळी कुणीतरी हे विचारतंच. पेपर मी मागे घेतला नाही, कारण तो पाठवलाच नव्हता. परिषदेत निकालांचं पोस्टर लावलं होतं, ते मी स्वतः उतरवलं.

तीसपट हे रीडिंग खोटं नव्हतं. पाषाणच्या त्या पावसाळ्यात आम्ही अ‍ॅल्युमिनाच्या साच्यातल्या २०० नॅनोमीटरच्या छिद्रांमध्ये पॉलिथायोफीनच्या, म्हणजे लेझर पाडला की उजळणाऱ्या एका पॉलिमरच्या, नळ्या वाढवल्या, त्याच सेलमध्ये निकेलचं द्रावण घालून निकेल बसावं म्हणून ऋण व्होल्टेज दिलं आणि मग साचा विरघळवला. मायक्रोस्कोपखाली नुसती नळी जेमतेम दिसायची, निकेलवाली लख्ख. धातू अगदी चिकटून असला तर प्रकाश विझवतो आणि थोडं अंतर राहिलं तर त्यातले प्लाझ्मॉन, म्हणजे धातूतल्या इलेक्ट्रॉनांची एकत्र होणारी आंदोलनं, तो वाढवतात, हे तुम्हालाही माहीत आहे. मी प्लाझ्मॉनचं नाव घेतलं आणि मोकळी झाले. खरं तर चांदीपुढे निकेलचा प्लाझ्मॉन फारच दुबळा. शंका तिथेच यायला हवी होती.

ती आली एका एमएस्सीच्या मुलीला. ग्रुप मीटिंगमध्ये म्हणाली, ‘मॅडम, निकेल न घालता नुसतं तेवढंच व्होल्टेज दिलं तर?’ ‘आधी वाचून ये,’ असं मी सगळ्यांसमोर म्हटलं. ती खाली बसली. त्यानंतर कुठल्याच मीटिंगमध्ये ती बोलली नाही आणि पुढच्या सत्रात तिनं लॅब बदलली. कारण तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तिचा प्रयोग मी केला, पण दोन आठवड्यांनी, लॅबमध्ये कुणी नसताना. तेच द्रावण, फक्त निकेलचं मीठ वगळलेलं. तेवढंच व्होल्टेज, तेवढीच मिनिटं. नळी उजळली. हीगर, मॅकडिअर्मिड आणि शिराकावा यांचं १९७७ सालचं काम मी दरवर्षी शिकवते: डोप केलं, म्हणजे इथे पॉलिमरमधले काही इलेक्ट्रॉन काढून घेतले, की तो वीज वाहून नेतो. त्याच डोपिंगमुळे त्याचा प्रकाश मरतो, हेही त्याच तासाला सांगते. आमच्या नळ्या तयार होतानाच डोप झालेल्या असतात. ऋण व्होल्टेजनं इलेक्ट्रॉन परत देऊन ते डोपिंग काढून टाकलं होतं आणि श्रेय मी निकेलला दिलं होतं.

पण ‘म्हणजे धातूनं काहीच होत नाही’ असं कुणी म्हटलं की मी आजही भांडते. व्होल्टेज दिलेल्या नुसत्या नळीपेक्षा निकेलवाली साधारण दीडपट उजळ निघाली. मात्र एकाच बॅचमधल्या दोन नळ्यांतही तेवढा फरक पडतो. शिवाय निकेलच्या थरामुळे हवा लागत नाही, त्यामुळे लेझरखाली नळी कमी विटते. तो दीडपट त्यातूनही आलेला असू शकतो. पोस्टर लावणारी मी तेव्हा यावर म्हणाले असते, ‘कल तर दिसतोय ना?’ त्या तेव्हाच्या मला द्यायला माझ्याकडे अजून पक्कं उत्तर नाही.

आता आम्ही व्होल्टेज देतच नाही. एकाच नळीचा अर्धा भाग झाकतो आणि उरलेल्या अर्ध्यावर व्हॅक्यूममध्ये चांदी बसवतो. आतापर्यंत अकरा नळ्या झाल्या. सहांमध्ये चांदीची बाजू जास्त उजळ दिसली, पाचांमध्ये मंद.