सव्वा लाखाचं झाकण

गाडी विकायला काढली तेव्हा मी काय काय तयारी केली होती म्हणून सांगू, सीट कव्हर्स धुतली, डॅशबोर्डला पॉलिश मारलं, मागच्या सीटखालचे कुरमुरे वेचले, सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे फाईलला लावल्या आणि सव्वा लाख सांगायचे असं घरात एकमताने ठरलं. एजंट आला. आत डोकावलासुद्धा नाही. "सर, स्टार्ट करा आणि बॉनेट उघडा" म्हणाला आणि इंजिनवरचं ते काळं गोल झाकण फिरवून काढलं.

म्हणजे ऑइल जिथून ओततात ते. त्यावर अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं चित्र असतं आणि आमच्या गाडीत 5डब्ल्यू-30 असा ऑइलचा ग्रेड लिहिलाय. हा डब्ल्यू म्हणजे वेट असं मी इतकी वर्षं समजत होतो, तो विंटरचा निघाला. पुण्यातल्या थंडीची दखल घेणारं घरात हे एकच झाकण असेल. पण 12 वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता, कारण बाबांनी लहानपणी दम दिलेला, गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते. ते रेडिएटरचं, आणि अगदी बरोबर होतं. मी आपला सगळ्याच झाकणांना घाबरून राहिलो.

एजंटने झाकण उलटं करून त्या भोकावर नुसतं ठेवलं आणि बघत बसला. ते नाचायला लागलं तर इंजिन 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय', म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात आणि जळलेला गॅस खाली ऑइलमध्ये घुसून वर येतोय. आमचं किंचित थरथरलं, नाचलं काही नाही. मी मनातल्या मनात शाबासकी दिली तोवर त्याने ते उचलून आतली बाजू माझ्यासमोर धरली. आत पिवळट पांढरा थर, ताक घुसळताना रवीला लोणी लागतं ना, तसा. "सर, हेड गॅस्केट गेलंय." म्हणजे इंजिनमध्ये पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग. "ऑइलमध्ये पाणी मिक्स होतंय. नव्वद हजार."

पस्तीस हजार! बोटभर लोण्याचे! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते इतकं शब्दशः खरं असेल असं वाटलं नव्हतं.

तसाच गाडी घेऊन आमच्या गॅरेजवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी झाकणाकडे नीट बघितलंसुद्धा नाही, आधी ऑइल मोजायची पट्टी काढली, फडक्याला पुसून परत घातली, परत काढली. ऑइल स्वच्छ, चॉकलेटी. मग कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली बघितली, पातळी जिथल्या तिथे. मागे धूरही नाही. "साहेब, रोज किती चालवता?" म्हटलं घर ते स्टेशन, दोन किलोमीटर, संध्याकाळी परत. "आणि पावसाळा. मग काय होणार?" पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होतेच, त्यातली थोडी रिंगांना चुकवून खाली उतरते. इंजिन नीट तापलं तर उडून जाते, पण तापायच्या आतच मी गाडी बंद करतो, मग ती वर जाऊन गार झाकणाला धरते आणि ऑइलमध्ये फेटली जाऊन लोणी होतं. गॅस्केट गेलं असतं तर पट्टीवरचं ऑइलही दूध घातलेल्या चहासारखं दिसलं असतं आणि कूलंट खाली गेलं असतं. "लांब फिरवून आणा एकदा, खंबाटकीचा घाट चढवा."

पण झाकण मात्र बदला म्हणाले. आतलं रबर नखाने दाबून दाखवलं, कडक, प्लॅस्टिकच झालेलं. म्हणून कडेने ऑइल पाझरून त्यावर धूळ बसली होती आणि सिग्नलला उभं राहिल्यावर जळका वास यायचा, ज्याचं खापर मी आजवर पुढच्या रिक्षावर फोडत आलो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, कुकरच्या रिंगसारखं फ्रीजरमध्ये ठेवून बघ. विचार केला, खोटं कशाला बोलू. पण आमच्या फ्रीजरमध्ये आइसक्रीमशेजारी इंजिन ऑइल नको म्हणून राहिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी घरीच ठेवून जुनं झाकण खिशात टाकून नाना पेठेत गेलो. इंजिनच्या उघड्या भोकावर फडकं कोंबणार होतो, पण मामांनी आधीच बजावलं होतं, फडक्याचा धागाही आत जायला नको, वरून पिशवी लावा आणि रबर बँड घाला. तर गाडी बॉनेटखाली दुधाची पिशवी बांधून बसलेली आणि मी काउंटरवर. "ओरिजिनल देऊ की लोकल?" हा प्रश्न नाना पेठेत इतक्या सहज विचारतात की लोकल म्हणायला लाज वाटते. ओरिजिनल घेतलं. घरी येऊन कडा पुसल्या, बसवलं, पाव फेरा फिरवला आणि 'टक' झालं. या एका 'टक'चं समाधान काय वर्णावं, आमच्या स्वयंपाकघरात कुठल्याच डब्याचं झाकण असं बसत नाही. जुनं झाकण तिथल्याच ड्रॉवरमध्ये गेलं, डबे हरवलेल्या झाकणांच्या अनाथाश्रमात.

रविवारी खंबाटकी चढवून आलो. गाडी गार झाल्यावर उघडून बघितलं, लोणी गायब, नुसतं पातळ ऑइल. लगेच एजंटला फोन.

तो आला, स्टार्ट करायला लावली, झाकण काढलं, उलटं केलं, रबर दाबलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मुडदा लपवलाय. "नवीन टाकलंय सर तुम्ही. काहीतरी असल्याशिवाय कोण बदलतं?"

आता याला कुकरची रिंग, पावसाळा, दोन किलोमीटर, सगळं पहिल्यापासून सांगू? थांबा म्हटलं, वर जाऊन ड्रॉवरमधून जुनं झाकण आणलं आणि त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते उजेडात धरलं, वास घेतला, नखाने रबर दाबलं, बराच वेळ विचार केला.

"पंच्याण्णव," म्हणाला.