काळोख्या वाफा

रक्ताभिसरणाच्या इतिहासावरचं एक इंग्रजी पुस्तक मी मराठीत आणत होते. रक्ताभिसरण उलगडणारा इंग्रज वैद्य विल्यम हार्वी, त्याच्या प्रकरणात 'फुलिजिनस' वाफा आल्या. मागे कुठल्याशा कादंबरीत हा शब्द रात्रीच्या आभाळाला लावलेला वाचला होता. तेवढ्या भरवशावर 'काळोख्या वाफा' लिहिलं आणि पुढे सरकले.

शास्त्रीय बाजू तपासणाऱ्या डॉक्टरांचा सकाळी सातला फोन. "बाई, वाफ काळोखी कशी असेल हो? कोश पाहिलात का?"

नव्हता पाहिला. आता उघडला. लॅटिन फुलिगो म्हणजे काजळी! काळोख हा अर्थ काजळीच्या रंगावरून मागाहून आलेला. आणि शब्दाचं मूळ आपल्या धूम, धूळ यांच्याच गोतावळ्यातलं. म्हणजे घरचाच पाहुणा मी ओळखला नव्हता.

परिच्छेद पुन्हा वाचला, तेव्हा चूक किती खोल गेलीय ते कळलं. दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्यानं हृदयाला दिव्याची वात म्हटलं होतं आणि रक्ताला तेल. वात जळते तिथे काजळी धरणारच, ती उच्छ्वासावाटे बाहेर पडते, असा त्याचा हिशेब. गावी संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं पुसायचं काम माझ्याकडे असे. वारा कोंडला की काच कशी काळी होते, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. तरी 'काळोख्या' लिहून मी गेलनचा दिवाच काढून घेतला होता.

युरोपातल्या वैद्यांनी हा हिशेब शतकानुशतकं मानला. 1628 साली हार्वीनं साधी शंका काढली: काजळी ज्या वाटेनं फुप्फुसाकडे जाते म्हणत, ती फुप्फुसातून हृदयाकडे येणारी वाहिनी चिरून पाहिली तर आत रक्तच सापडतं. मग ही काजळी जाते कुठून? त्याचा टोमणाही माझ्या काळोखात वाया गेला असता.

'धुरकट वाफा' करून पाहिलं, पण धुरकट फार सौम्य. त्यात काचेला धरणारी चिकट काळी पूड नाही. 'काजळीच्या वाफा' ठरलं.

मग पूर्ण फाइल धुंडाळली. आणखी एक 'काळोखी' निघाली, इंग्रज लेखक जॉन एव्हलिनच्या 1661 सालच्या लंडनच्या हवेवरच्या पुस्तिकेतली. इथे तरी काळोख चालेल, असं क्षणभर वाटलं. पण एव्हलिनची तक्रार दगडी कोळशाच्या धुराबद्दल होती. तिथेही काजळीच केली आणि डॉक्टरांना फाइल पाठवली.