तारली येतली काय?

‘पुढच्या हंगामात तारली येणार की नाही हे नक्की सांगता येत नसेल, तर तुमच्या मॉडेलचा उपयोग काय?’ तारलीचा, म्हणजे सार्डिन माशाचा, हंगामाचा अंदाज बांधणं हे माझं काम; म्हणून लग्नात, एसटीत, बारशाला, सगळीकडे हेच. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाचं लिहिते.

आधी एक. हैदराबादच्या इन्कॉइसकडून (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) मासळीचा जो अंदाज येतो, तो माझा नाही. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि रंगावरून त्यातलं हरितद्रव्य पाहून पुढच्या दोन-तीन दिवसांत मासे कुठे जमतील, एवढंच तो सांगतो. मी बोलते अख्ख्या हंगामाचं, आणि घोळ तिथेच आहे. पावसाळी वाऱ्यांनी खालचं थंड, पोषक पाणी वर आलं की प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतात. तारली त्यांच्यावर जगते. नेमके तेव्हाच ढग दाटतात आणि उपग्रहाला समुद्राचा रंग दिसेनासा होतो. केरळात २०१२ साली ही मासळी सुमारे ४ लाख टन मिळाली, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. असल्या माशाबद्दल छातीठोक काय बोलणार?

आता माझ्या मामाचं.

मे महिन्यात आमच्या गावी सभा झाली. मी म्हटलं, तारली सरासरीपेक्षा कमी मिळण्याची शक्यता ७० टक्के. इतिवृत्तात टक्के गळाले, ‘तारली कमी मिळेल’ एवढंच उरलं. मामाच्या रापणवाल्यांनी (रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) ते वाचून जाळं दुरुस्त करायचं रद्द केलं; कर्ज कशाला काढा. ऑक्टोबरात शेजारच्या वाडीची रापण लागली. मी तेव्हा गावीच होते. ओल्या वाळूवर चांदीचा ढीग, वर कावळे-घारी, बायका टोपल्या घेऊन धावतायत. मामाने सवयीने त्यांच्या दोराला हात घातला, दोन पावलं ओढला, आणि सोडून दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तुझे ते सत्तर टक्के माशांका म्हायत होते काय गो?”

मी म्हटलं, “मामा, दहातले तीन हंगाम बरे जाणार, असाच त्याचा अर्थ होतो.” चुकीचं नव्हतं ते. पण तिथे, तेव्हा, ते बोलायचं होतं का? अजून अंगावर काटा येतो.

तेव्हाची मी म्हणायची, आकडा प्रामाणिक दिला की आपलं काम संपलं. जाळं दुरुस्त करायला किती लागतात, मासा आला आणि जाळं नसलं तर किती बुडतात, हे मी विचारलंच नव्हतं. पाच मिनिटांचा हिशोब. कदाचित ३० टक्क्यांवरही दुरुस्ती परवडली असती. पण मी ‘कर्ज काढ’ म्हटलं असतं आणि तारली आली नसती तर? कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचे अंदाज बरीच वर्षं आशावादी निघाले, आणि १९९२ मध्ये मासेमारीच बंद करावी लागली. जास्त आशा दाखवून चुकायचं की कमी, हे कोणी ठरवायचं? मी? सभेने? मला अजून कळलेलं नाही.

यंदाचा आकडा तयार आहे. मामाने विचारलेला नाही.