प्रकल्प कोणी पुसला: एका गूगल डॉकची तपासणी

आठवीच्या वर्गाने अनेक दिवस खपून लिहिलेला पाणीवापराचा प्रकल्प-अहवाल एका सकाळी पडद्यावर जवळजवळ कोरा दिसला आणि पहिल्याच तासाला मला संगणक कक्षात बोलावणे आले. मी विज्ञान शिकवते. पण ऑनलाइन वर्गाची काही अडचण आली की सहकारी माझ्याकडे येतात आणि ते काम मी आवडीने करते. हा अहवाल एकाच गूगल डॉकमध्ये होता. प्रत्येक गटाने आपला भाग त्यात लिहायचा, मोजलेले आकडे भरायचे आणि शेवटी साऱ्या वर्गाचा एक सलग अहवाल तयार व्हायचा, अशी योजना प्रकल्प घेणाऱ्या मॅडमनी आखली होती. योजना चांगली होती आणि मुलांनी ती मनापासून उचलून धरली होती. त्या सकाळी मात्र त्या फाइलमध्ये चारच ओळी उरल्या होत्या आणि चारही एकाच मुलाच्या होत्या.

गूगल ड्राइव्ह, म्हणजे या फाइली जिथे साठवल्या जातात ती ऑनलाइन जागा, तिच्या यादीत शेवटचा बदल करणारा म्हणूनही त्याचेच नाव दिसत होते. त्यामुळे मी पोहोचेपर्यंत वर्गाचा निकाल लागून गेला होता. तो मुलगा फळ्याजवळ मान खाली घालून उभा होता आणि एवढेच म्हणत होता, “मॅडम, मी उघडलं तेव्हा आधीच काही नव्हतं.” त्याच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते, आणि मॅडमचा रागही समजण्यासारखा होता, कारण त्याच आठवड्यात अहवालाचे गुण द्यायचे होते.

मी पहिली विनंती केली ती ही, की कोणीही त्या फाइलमध्ये एक अक्षरही टंकू नये आणि त्या मुलाला जागेवर बसू द्यावे. मॅडमचे म्हणणे होते की नोंदी पडद्यावर साऱ्या वर्गासमोर उघडाव्यात, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. मी त्याला ठाम नकार दिला. फाइलच्या इतिहासात प्रत्येक बदलापुढे खात्याचे नाव आणि वेळ दिसते. ती माहिती शिक्षकाने पाहायची असते, वर्गासमोर मांडायची नसते. प्रोजेक्टरची जोडणी काढून आम्ही दोघी कोपऱ्यातल्या संगणकावर बसलो.

गूगल डॉकमध्ये ‘फाइल’ या मेन्यूत ‘व्हर्जन हिस्टरी’ असते. ती उघडली की उजवीकडे तारीख-वेळेनुसार आवृत्त्यांची यादी येते. बहुतेक शिक्षक या यादीतली सर्वांत वरची नोंद पाहतात आणि थांबतात. पण एका नोंदीच्या पोटात अनेक लहान बदल दडलेले असतात आणि तिच्या बाजूचा छोटा बाण दाबला तरच ते एकेक करून उलगडतात. आम्ही तो बाण दाबला. रात्री 9:47 पर्यंत अहवाल पूर्ण होता. त्यानंतरच्या मिनिटाची नोंद उघडली तेव्हा पानामागून पान मजकूर एकाच रंगात खोडलेला दिसला, कारण त्या आवृत्तीत जे काढले गेले ते इतिहासात आडवी रेघ मारून दाखवले जाते; आणि त्या सगळ्या खोडलेल्या मजकुराच्या शेवटी नव्याने लिहिलेले एकच अक्षर होते, ‘त’. या बदलापुढे कोणाचेही नाव नव्हते, निनावी वापरकर्ता एवढीच नोंद होती.

त्या मुलाचे नाव इतिहासात पहिल्यांदा आले ते त्यानंतर अर्ध्या तासाहूनही अधिक वेळाने. फाइल रिकामी दिसल्यावर त्याने आपल्या गटाचा भाग आठवून पुन्हा लिहायला घेतला होता. गळणाऱ्या नळाखाली मोजपात्र ठेवून तासाभरात किती पाणी साचले, ते त्याने वहीत टिपून ठेवले होते आणि तेच आकडे त्या चार ओळींत होते. ज्या एकट्याने नुकसान भरून काढायचा प्रयत्न केला, त्याचेच नाव सर्वांत शेवटी राहिले आणि म्हणून आळही त्याच्यावरच आला. ‘शेवटचा बदल’ ही नोंद फक्त शेवटी कोण आले ते सांगते, मधल्या काळात काय घडले ते सांगत नाही. मॅडमनी ते पाहिले आणि काही न बोलता त्या त्याच्या बाकाजवळ गेल्या. साऱ्या वर्गासमोर त्यांनी त्याची माफी मागितली, याचा मला फार आदर वाटतो.

मजकूर परत आणताना इतिहासातली जुनी आवृत्ती ‘रिस्टोअर’ करण्याची घाई मी केली नाही. तसे केले असते तर अहवाल परत आला असता, पण नंतर लिहिलेल्या त्या चार ओळी फाइलमधून गेल्या असत्या. त्या इतिहासात टिकल्या असत्या हे खरे, पण समोर दिसल्या नसत्या, आणि त्या दिवशी त्या समोर दिसणे मला महत्त्वाचे वाटत होते. म्हणून 9:47 च्या आवृत्तीशेजारचे तीन ठिपके दाबून तिची स्वतंत्र प्रत काढली आणि त्या प्रतीत चार ओळी चिकटवल्या. मूळ फाइल पुरावा म्हणून तशीच ठेवली, कारण प्रत काढली की तिचा इतिहास नव्याने सुरू होतो, जुन्या फाइलचा इतिहास तिच्यासोबत येत नाही. साऱ्या कामाला दहा मिनिटेही लागली नसतील.

मधल्या सुट्टीत एक मुलगी मैत्रिणीला सोबत घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, ते माझ्याकडून झालं.” तिला सगळा अहवाल आपल्याजवळ उतरवून ठेवायचा होता. घरच्यांच्या फोनवर लिंक उघडून तिने मजकुरावर बोट दाबून धरले, ‘सिलेक्ट ऑल’ केले आणि तेवढ्यात अंगठा कीबोर्डला लागला. निवडलेला सगळा मजकूर गेला आणि त्याच्या जागी एक अक्षर आले. घाबरून तिने फाइल लगेच बंद केली. तिचे पुढचे वाक्य मी विसरलेले नाही: “मी सेव्ह नव्हतं केलं बाई, म्हणून मला वाटलं काही होणार नाही.”

हा गैरसमज मोठ्यांचाही आहे. ज्यांनी संगणकावर पूर्वीच्या पद्धतीने काम केले, त्यांच्या मनात ‘सेव्ह केले नाही म्हणजे बदल झाला नाही’ हे पक्के बसलेले असते. ऑनलाइन फाइलमध्ये प्रत्येक अक्षर टंकताक्षणी साठवले जाते. तिथे घाबरून बंद करणे हाच सर्वांत वाईट उपाय ठरतो. त्याच क्षणी वरच्या पट्टीतला डावीकडे वळलेला बाण, म्हणजे ‘अनडू’, दाबला असता तर सगळे जागच्या जागी परत आले असते. आता सामायिक फाइल देण्यापूर्वी आम्ही मुलांकडून मुद्दाम एकदा सगळा मजकूर पुसून घेतो आणि ‘अनडू’ने परत आणायला लावतो. पाच मिनिटांचा हा सराव मुलांची भीती घालवतो आणि आमचा पुढचा बराच वेळ वाचवतो.

राहिला प्रश्न निनावी नोंदीचा. मॅडमनी फाइल ‘लिंक असलेला कोणीही’ आणि ‘एडिटर’ अशी खुली ठेवली होती. त्यामागचे कारण चुकीचे नव्हते. काही मुलांकडे स्वतःचे खाते नव्हते आणि खाते नाही म्हणून कोणी मागे राहू नये, असे त्यांना वाटत होते. पण अशा खुल्या फाइलमध्ये खात्यात लॉग इन न करता येणारा कोणीही नावाविना बदल करू शकतो, आणि ती लिंक वर्गाच्या समूहातून पुढे कुठे जाईल यावर शिक्षकाचा काहीच ताबा राहत नाही. परवानगी देताना ‘पाहणारा’, ‘टिप्पणी करणारा’ आणि ‘बदल करणारा’ या तीन पायऱ्या असतात. मला वाटते, दर वेळी सर्वांत खालच्या पायरीवरून सुरुवात करावी आणि गरज असेल त्यालाच वर चढवावे. शेअर करण्याच्या चौकटीत दातेरी चाकाचे चिन्ह असते. तिथे ‘एडिटर इतरांना परवानगी देऊ शकतात’ ही खूण सुरुवातीपासून लावलेली असते. ती काढून टाकली नाही, तर शिक्षकाने घातलेली मर्यादा एखादा विद्यार्थी नकळत मोडू शकतो.

दुपारच्या मोकळ्या तासात आम्ही दोघींनी प्रकल्पाची रचनाच बदलली. प्रत्येक गटासाठी वेगळी फाइल केली आणि त्या गटातील मुलांनाच तिच्यात बदल करण्याचा अधिकार दिला. बाकीच्या गटांना टिप्पणीपुरता प्रवेश ठेवला, त्यामुळे एकमेकांचे काम वाचण्याचा मॅडमचा मूळ हेतूही शाबूत राहिला. एकत्रित अहवाल मॅडमनी स्वतः जोडायचे ठरवले. एका डॉकमध्ये एका वेळी 100 जणांपर्यंत लिहू शकतात हे खरे असले तरी तेराचौदा वर्षांची चाळीस मुले एकाच पानावर एकाच वेळी लिहू लागली की काय होते, ते ज्याने वर्गात पाहिले आहे तो ही सोय वापरण्यापूर्वी दोनदा विचार करील.

वैयक्तिक गृहपाठासाठी तर सामायिक फाइलची गरजच नाही. गूगल क्लासरूम या ऑनलाइन वर्गाच्या सोयीत गृहपाठासोबत फाइल जोडताना तीन पर्याय येतात: विद्यार्थ्यांनी फाइल फक्त पाहावी, सर्वांनी त्याच फाइलमध्ये बदल करावा, किंवा प्रत्येकासाठी स्वतंत्र प्रत तयार व्हावी. तिसरा पर्याय गृहपाठ पाठवण्यापूर्वीच निवडावा लागतो. तो निसटला तर तो गृहपाठ काढून नव्याने द्यावा लागतो. विद्यार्थ्याने काम जमा केले की त्याला ते फक्त पाहता येते, आणि शिक्षकाने परत केले की बदलण्याचा अधिकार पुन्हा मिळतो, त्यामुळे तपासणी चालू असताना उत्तर नकळत बदलले जात नाही; विद्यार्थ्याने जमा केलेले काम स्वतः मागे घेतले तरच त्याला ते बदलता येते. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्येही प्रत्येकाने आपापल्या प्रतीत काम करण्याची अशीच सोय आहे. क्लासरूम न वापरणाऱ्यांसाठी आणखी साधा उपाय आहे. डॉकच्या लिंकच्या शेवटी ‘एडिट’ हा शब्द आणि त्यापुढे काही असेल तर तेही काढून तिथे इंग्रजी ‘कॉपी’ हा शब्द लिहिला, की लिंक उघडणाऱ्यासमोर थेट प्रत काढण्याचे बटण येते आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही.

गूगल फॉर्म, म्हणजे ऑनलाइन प्रश्नावली, आणि तिची उत्तरे जिथे जमतात ती तक्त्याची फाइल म्हणजे शीट, यांबाबतही हीच काळजी घ्यावी. उत्तरांच्या शीटमधली ओळ चुकून पुसली गेली तरी फॉर्ममधले मूळ उत्तर तसेच राहते आणि फॉर्म नव्या शीटला जोडला की सगळी उत्तरे पुन्हा मिळतात. फॉर्ममधूनच उत्तर पुसले तर मात्र हा मार्ग बंद होतो. गुण मोजण्याचे काम मी त्या शीटच्या वेगळ्या टॅबमध्ये करते, उत्तरांच्या टॅबला हात लावत नाही. ड्राइव्हमधून काढलेली फाइल 30 दिवस कचरापेटीत राहते आणि मग कायमची जाते, हेही ध्यानात ठेवावे, कारण मोठ्या सुट्टीत हे दिवस कोणाच्या लक्षात न येता संपतात.

व्हर्जन हिस्टरीवरही डोळे झाकून विसंबून राहू नये, असे त्या दिवसानंतर मी सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. साठवणीची जागा वाचवण्यासाठी जुन्या आवृत्त्या कधी कधी एकत्र केल्या जातात आणि मग मधले बारीक टप्पे दिसत नाहीत. म्हणून कामाचा टप्पा पूर्ण झाला की त्या आवृत्तीला नाव द्यावे, जसे ‘पहिला मसुदा’ किंवा ‘तपासणीपूर्वी’. एका डॉकमध्ये अशा 40 आणि एका शीटमध्ये 15 आवृत्त्यांना नाव देता येते. शालेय कामाला एवढ्या पुरेशा होतात.

ज्या मुलांकडे स्वतःचे खाते नाही, त्यांचा प्रश्न त्या दिवशी पूर्ण सुटला नाही. काही जण आईच्या, काही जण मोठ्या भावंडाच्या खात्यावरून काम करतात आणि इतिहासात त्याच खात्याचे नाव उमटते. तिथले नाव हे खात्याचे असते, फोन कोणाच्या हातात होता ते त्यातून कळत नाही. लॉग इन सक्तीचे केल्यावर निनावी नोंदी गेल्या, पण ही अडचण राहिली. म्हणून सत्राच्या सुरुवातीला कोणते मूल कोणत्या खात्यावरून काम करते याची यादी मॅडमनी आणि मी करून ठेवली आहे. ती आमच्या दोघींपुरतीच आहे, वर्गाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेली नाही. खाते बदलले तर मुलाने वहीत लिहून आम्हाला दाखवायचे, एवढे ठरले आहे. शिवाय गटाच्या फाइलमध्ये प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी लिहिणाऱ्याने आपला हजेरी क्रमांक टाकायचा असतो. तो पाहून एखाद्या मुलाचे काम नेमके कुठे अडले आहे, तेही मॅडमना दर आठवड्याला कळते.