शून्य चालत नाही

स्पर्धेच्या फॉर्ममध्ये एक चौकोन होता: ‘टीएमटी – ट्रेडमिलवर चाललेली मिनिटं’. शेजारी लाल चांदणी, म्हणजे रिकामा सोडायचा नाही. मी शून्य टाकलं. खाली लाल अक्षरं आली, ‘योग्य आकडा भरा’. २०११ पासून मी एक पाऊल टाकलेलं नाही. शून्याहून योग्य आकडा आणायचा कुठून?

मी व्हीलचेअर रेसिंग करते. मणक्याला डी-१० ला (छातीमागचा दहावा मणका) इजा आहे, बेंबीखाली सगळं शांत. गेली नऊ वर्षं आठवड्यातले पाच दिवस पहाटे पाचला मरीन ड्राइव्हवर असते. नंतर घरी अंघोळ, डबा, मग फोर्टमधली बँकेची नोकरी. या वर्षी स्पर्धेसाठी हृदयाचं फिटनेस सर्टिफिकेट मागितलं, त्यात ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी).

ईसीजी दहा मिनिटांत झाला. फक्त त्या गुलाबी कागदावर मशीनने आपणहून छापलं होतं: साइनस ब्रॅडिकार्डिया (ठोके संथ), एलव्हीएच बाय व्होल्टेज (डावा कप्पा जाड झाल्याचा संशय), ॲबनॉर्मल. ठोके मिनिटाला ५२. आईने ‘ॲबनॉर्मल’ तेवढं वाचलं आणि त्या रात्री ती जेवली नाही. हे आधीच सांगून ठेवते: मशीनच्या छापील शेऱ्यावर घरात चर्चा करू नका. कागद घडी घालून पिशवीत टाका आणि डॉक्टरांसमोरच उघडा. जुना ईसीजी घरात असेल तर तोही न्या. माझ्याकडे इजेनंतरच्या रिहॅबमधला होता, त्यात ठोके ७८ होते. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर डॉक्टरीणबाई हसल्याच. “हे आजारपण नाही, ही तुमची नऊ वर्षांची मेहनत आहे.”

बाईंनी मग छान समजावलं. रोज तास-दीड तास दम लागेपर्यंत कष्ट केले की हृदयाचा डावा कप्पा थोडा मोठा होतो, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो, म्हणून बसल्या जागी ठोके कमी लागतात. ही गोष्ट जुनी आहे. स्वीडनच्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी १८९९ मध्ये बर्फावरच्या स्पर्धकांची छाती बोटांनी ठोकून हृदय वाढल्याचं ओळखलं होतं, तेव्हा इको कुठला! पण माझ्यासारख्यांचं गणित थोडं वेगळं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळले की रक्त वर ढकललं जातं. माझ्या पायांतला तो पंप बंद आहे, रक्त खालीच रेंगाळतं. हृदयात भरायलाच कमी येतं, त्यामुळे कितीही सराव केला तरी माझा कप्पा धडधाकट धावपटूइतका ताणला जात नाही. आमच्या ग्रुपमध्ये गुडघ्याखाली पाय कापलेला एक जण आहे. त्याच्या हृदयाला ही अडचण मोठीशी नाही, ते जवळजवळ इतर खेळाडूंसारखंच वाढतं. एकाच ‘दिव्यांग खेळाडू’ रकान्यात आम्ही दोघं. आणि खेळच नसेल तर कण्याच्या इजेनंतर हृदय उलट आक्रसत जातं, हेही बाईंनी सांगितलं. हे ऐकून पहाटे उठायचा कंटाळा तेवढ्यापुरता पळाला.

इकोत हृदयाच्या भिंतीची जाडी १० मिलिमीटर आली. १३ च्या पुढे गेली की डॉक्टर कान टवकारतात. इको करणाऱ्याला आठवड्याला किती तास सराव करता ते सांगा, तो विचारणार नाही.

आता टीएमटी.

पहिल्या सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने माझ्या डोक्यावरून मागे बघत विचारलं, “पेशंट कुठाय?”

“मीच.”

“ताई, टीएमटी आहे ही. पट्ट्यावर चालायला लागतं.”

“माहितीये. हाताने फिरवायची सायकल असेल ना?”

“सायकल? ताई, हे जिम नाही.”

दुसरीकडे माणूस चांगला होता, तोच त्रास. म्हणाला, “आमची दोन मुलं तुम्हाला धरतील. तीन मिनिटं काढलीत की पहिली स्टेज झाली.” पहिली स्टेज म्हणजे ताशी २.७ किलोमीटर, १० टक्के चढ. मला धरून चालवलं असतं तर तपासणी त्या दोन मुलांच्या हृदयाची झाली असती. मी नाही म्हटलं तर कागदावर शेरा आला: ‘टीएमटी नॉट डन, पेशंट अनविलिंग’. अनविलिंग! उन्हाळ्यात हातमोज्यांच्या आत सोललेली बोटं घेऊन चाकं मारणारी मी, आणि माझी इच्छा नव्हती म्हणे. तो शब्द खोडून घ्यायला मी तिथे सव्वा तास बसून होते. शेवटी त्याने ‘नॉट पॉसिबल’ केलं. तुम्हीही असा कागद सहीशिवाय आणि न वाचता घेऊ नका, पुढे तोच फिरत राहतो.

आयोजकांच्या फोनवर रोज वेगळा आवाज, उत्तर एकच. “मॅडम, सिस्टिम घेत नाही.” मी म्हटलं, ही व्हीलचेअरची स्पर्धा आहे. “हो मॅडम, पण फॉर्म सगळ्यांना कॉमन आहे.” दादा वैतागून म्हणाला, “मीच चालतो पट्ट्यावर, नाव तुझं लाव.” त्याचं वजन ९४ किलो, दोन जिन्यांत धाप लागते. त्याच्या रिपोर्टवर मी नक्कीच बाद झाले असते.

यात सतरा दिवस गेले. माझं तरी निभावलं असतं. आमच्यात एक मानेची इजा असलेला पोरगा आहे, त्याचं काय? हृदयाला पळ म्हणून सांगणाऱ्या नसा कण्यातून छातीच्या वरच्या भागात निघतात. त्याची इजा त्याच्याही वर, त्यामुळे मेंदूचा तो निरोप हृदयापर्यंत पोहोचतच नाही. जीव तोडून चाक मारलं तरी त्याचे ठोके १२० च्या आसपास अडकतात. टीएमटीवाले २२० वजा वय करून त्याचे ८५ टक्के मागतात. तो आयुष्यभर ‘अपूर्ण’च राहणार.

त्याच्यावरून आठवलं, तपासणीआधी लघवीची पिशवी किंवा कॅथेटर बघून घ्या. डी-६ ला किंवा त्याच्या वर इजा असेल तर तुंबलेल्या मूत्राशयानेही रक्तदाब एकदम भडकतो. काही जण स्पर्धेत जोर वाढावा म्हणून मुद्दाम असं करतात, त्याला बूस्टिंग म्हणतात. त्यावर बंदी आहे आणि ते जिवावर बेतू शकतं.

हाताचं यंत्र शेवटी सापडलं एका फिजिओथेरपी विभागात, कोपऱ्यात, त्यावर कुणाची तरी छत्री वाळत घातलेली. डॉक्टरीणबाई स्वतः ईसीजीचं मशीन घेऊन आल्या. सुरुवात २० वॅटने, दर दोन मिनिटांनी १० वॅट वाढ. हात गरगरा फिरतात, छातीचे स्नायू हलतात, त्यामुळे ईसीजीची रेघ भरतीच्या समुद्रासारखी होते. घामाने दोन चिकट्या सुटल्या, त्या पुन्हा कोरड्या कपड्याने पुसून लावल्या. बीपी घ्यायलाही हात लागतो, म्हणून प्रत्येक टप्प्याअखेर काही सेकंद थांबायचं. ती थांबण्याची वेळ मला सगळ्यात जड गेली. माझं वय ३७, हवे होते १५६ ठोके. १६८ ला पोहोचले, ८० वॅटवर, तेराव्या मिनिटाला खांदे संपले. हृदयात अजून शिल्लक होती असं बाई म्हणाल्या. मला तिथेच रडू आलं, दमल्यामुळे म्हणा.

रिपोर्ट स्वच्छ होता. बाईंनी पत्र लिहिलं, हाताच्या यंत्रावर तपासणी का केली ते सविस्तर. मी ते अपलोड केलं. चौकोन तरीही आकडा मागत होता. फोन केला. नवा आवाज म्हणाला, “मॅडम, काहीही टाका ना, शून्य सोडून.”

मी १३ टाकले. हिरवी खूण आली.

आईला सांगितलं की सरकारदरबारी मी चढावर १३ मिनिटं चालले आहे. ती कुकरची शिट्टी काढत होती. म्हणाली, “मग येताना वरून पापड घेऊन ये, वाळत टाकलेत.”